गाव बोलतो ती जागा

देवळात सरकत्या अक्षरांचा फळा लागला तो हरिश्चंद्रकाकांच्या घशाच्या ऑपरेशनमुळे. जत्रेला गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालण्याचा मान त्यांच्या घराचा. यंदा डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आणि मुलाला, मंगेशला, काही पाठ नव्हते. तो चुकला की मान आपल्याकडे मागायचा म्हणून भावकीतले गुरुदास टपलेलेच होते. म्हणून मंगेशने फळ्यावर बघून वाचायचे ठरले.

मजकूर काकांनी पुतणीच्या, सारिकाच्या, लॅपटॉपवर स्वतः टाइप केला. स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. मध्येच मात्र सहा-सात स्पेस. सारिका बी.एस्सी. झालेली, तिला तो कचरा वाटला. तिने सी भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. एक पॉइंटर वाचत पुढे जातो, दुसरा मागून लिहीत येतो. स्पेसमागून स्पेस आली की दुसरा जागचा हलत नाही, म्हणजे शेवटी एकच स्पेस उरते. सगळे मूळ मजकुरातच, आणि सेव्ह जुन्याच फाइलवर. मूळ प्रत ठेवायला तिला कारण दिसले नाही.

देवळात चाचणी घेताना मंगेश लाल झाला.

"श्वास खंय घेव गो?"

"मदी उगाच रिकामी जागा होती, ती काढलंय."

काकांनी मोबाइलवर लिहून दाखवले: "ती रिकामी न्हय. थंय गाव बोलता."

प्रत्येक मागण्यानंतर सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात, हे सारिका लहानपणापासून ऐकत होती.

"मगे खंय खंय होती ती दाखवा, काका."

पण घंटा झाली आणि माणसे काकांना पुढे घेऊन गेली. सारिकाने घाईत एक लूप लिहिला: दर पाच शब्दांनंतर भरपूर स्पेस.

"गावातल्या पोराबाळांक सुखी ठेव म्हाराजा," मंगेशने वाचले.

"व्हय म्हाराजा."

"समुद्रार गेलेल्या होड्यो सुखरूप आण."

"व्हय म्हाराजा."

सारिकाचा जीव भांड्यात पडला.

"आनी भावकीत वाकडेपणा आमच्याकडसून झालो."

वाक्य अर्धेच असताना फळा कोरा झाला. मंगेश थांबला.

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. सवयीने सगळ्यांत मोठा आवाज गुरुदासांचा. काकांचे नुसते ओठ हलले. मग कोणीच कोणाकडे बघेना.

"आसात तर पोटात घाल म्हाराजा," फळा पुढे सरकला, पण त्यावरचे "व्हय" जरा बारीकच आले.

नारळ फुटल्यावर गुरुदास आले. सारिका लॅपटॉपमागे सरकली.

"मंगेशा, थंय कित्याक थांबलंस?"

"फळोच रिकामो झालो, तात्यानू."

गुरुदास काकांकडे वळले. "हरी, फुडल्या वर्साक तुझो आवाज येतलो मां?"

काकांनी मान डोलावली.

"मगे तूच घाल गाऱ्हाणा. पण थांबतलंस तर थंयच थांब."