अंडे, वय एकशे सत्त्याऐंशी दिवस

शिबिराची बस सुटायला दहा मिनिटं असताना टिकलीने आपला टॅबलेट आईच्या हातात दिला, आणि लगेच परत घेतला.

"आई, नक्की जमेल ना?"

"अगं, मी रोज जिवाणूंच्या दोनशे बशा सांभाळते. तुझी एक कोंबडी सांभाळणार नाही?"

"मागची कोंबडी बाबांनी पण अशीच सांभाळायला घेतली होती. हसत हसत."

बाबा बसच्या पोटात बॅग ढकलत होते. त्यांनी काही ऐकलंच नाही.

तेरा वर्षांच्या टिकलीच्या मालकीचं ढगांवर एक बेट होतं. बेटावर मक्याचं शेत, एक कोठार आणि एक कोंबडी. हे सगळं अर्थात टॅबलेटमधल्या गेममध्ये, पण त्याची काळजी खरोखरची. शिबिर शनिवारपर्यंत, तिथे फोन-टॅबलेट बंद, आणि कोंबडी तर रोज खाणार. गेली दोन वर्षं आई या प्रकाराला नुसतं "तो खेळ" म्हणत आली होती, आणि त्याच्यामागे "बंद कर" हे शब्द ठरलेले असायचे. तरीही टिकलीने बेट तिच्या हवाली केलं. हा विश्वास आईला आतून फार सुखावून गेला होता. म्हणून आदल्या दिवशी तिने लेकीला समोर बसवून सगळी कृती क्रमवार लिहून घेतली होती. मक्याला पाणी. कोंबडीला दाणे, पोटभर, एक वेळही न चुकता. निघालेला मका कोठारात. गेममधल्या तिच्या टोळीच्या गप्पांमध्ये आपण बोलायचं नाही.

"आणि वेगळं काही करायचं नाही," टिकली बसच्या पायरीवरून म्हणाली.

"वेगळं म्हणजे?"

"म्हणजे स्वतःच्या डोक्याने काही करायचं नाही."

आईने कागद काढून तेही लिहिलं, खाली तारीख घातली आणि सही केली.

अन्नतपासणीच्या लॅबमध्ये या आईला सगळे मॅडम म्हणत. आपणही इथून पुढे तेच म्हणू, कारण नंतर जे घडलं ते आईच्या हातून नाही, मॅडमच्या हातून घडलं. लॅबमधल्या फ्रिजच्या दारावर त्यांच्या अक्षरातली एक पट्टी होती. 'चिठ्ठी नाही, तारीख नाही, तर जागा नाही.' या नियमाला अठरा वर्षांत अपवाद झाला नव्हता. एकदा खुद्द साहेबांचा जेवणाचा डबा चिठ्ठीविना सापडला, आणि साहेब त्या दिवशी उपाशी राहिले.

बुधवार सुरळीत गेला. गुरुवारी सकाळी मका निघाला, मॅडम तो कोठारात ठेवायला गेल्या, आणि पडद्यावर अक्षरं आली, 'कोठार भरले आहे.'

मॅडमनी कोठार उघडलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. दोऱ्या, शिंपले, फुटकी मडकी, तीन डावे बूट. आणि अगदी मागे, कोपऱ्यात, एक अंडं. हिरवट, त्यावर काळे ठिपके, बारीक बुडबुडे येत असलेलं. बोट ठेवल्यावर त्याचं वय दिसलं, एकशे सत्त्याऐंशी दिवस. मॅडमच्या लॅबमध्ये अंड्याला एकवीस दिवस मिळत. चिठ्ठी तर नव्हतीच.

'टाकायचे का?' गेमने विचारलं. मॅडमनी 'हो' दाबलं. 'नक्की?' गेमने पुन्हा विचारलं. अठरा वर्षांत मॅडमना हे कोणी दोनदा विचारलं नव्हतं. त्यांनी जरा जोरातच 'हो' दाबलं, मोकळ्या जागेत मका रचला आणि समाधानाने कामावर गेल्या.

दुपारी जेवताना त्यांनी कोंबडीला दाणे घालायला टॅबलेट काढला, तेव्हा टोळीच्या गप्पांमध्ये 'झोपाळू अस्वल' नावाच्या कोणीतरी लिहिलं होतं, "टिकले, अंडं सांभाळ गं. शनिवारी दोनशे दिवस पुरे. ड्रॅगन बाहेर येणार. आम्ही सगळे बघायला येतोय."

मॅडमच्या हातातला घास हातातच राहिला.

त्यांच्या शेजारी काचसामान धुणाऱ्या बाटलीमावशी डबा खात होत्या. वय पंचावन्न, हात कायम ओले, स्वभाव कोरडा.

"काय झालं मॅडम? नमुना नापास का?"

"मावशी, मी लेकीचा ड्रॅगन कचऱ्यात टाकला."

मावशींनी डब्याचं झाकण लावलं, हात पुसले आणि टॅबलेट ओढून घेतला. "ढगबेट होय? मग कचराडोंगरावर बघा की. तिथे दिवसभर राहतं टाकलेलं." त्यांची बोटं पडद्यावर अशी फिरली की मॅडम बघतच राहिल्या.

"तुम्ही खेळता?"

"घुबडशर्यत फक्त. तीन वर्षं झाली. शेतीबितीत मी पडत नाही, अंड्यातलं मला काही कळत नाही."

कचराडोंगरावर नोंद होती. 'हिरवे अंडे. उचलणारा, भंगारसम्राट. सकाळी ८.१२.'

मॅडमना एक गोष्ट खटकली. गुरुवारी एकशे सत्त्याऐंशी, तर शनिवारी होतील एकशे एकोणनव्वद. दोनशे कसे? अकरा दिवस कमी पडत होते. एरवी असा आकडा त्यांनी सोडला नसता. पण घाबरलेला माणूस न जुळणारा आकडा गुंडाळून ठेवतो. ढगांवरचे दिवस लहान असतील, असं ठरवून मॅडमनी भंगारसम्राटाला पत्र लिहिलं.

"महोदय, आज सकाळी माझ्या हातून अनवधानाने टाकले गेलेले एक अंडे आपण उचलल्याचे समजते. ते परत मिळावे, ही विनंती."

उत्तर लगेच आलं. "ही काय भाषा आहे. काय आहे त्या अंड्यात?"

"माझ्या मुलीचा माझ्यावरचा विश्वास आहे," मॅडमनी खरं तेच लिहिलं.

"असं लिहितात का कधी?" मावशी म्हणाल्या. "आता तो भाव खाणार बघा."

आणि त्याने खाल्लाच. "एवढी कळकळ आहे म्हणजे वस्तू मोलाची असणार. उद्या दुपारी दीड वाजता घुबडशर्यत, तीन फेऱ्या. जिंकलात तर अंडं तुमचं. हरलात तर तुमची कोंबडी माझी."

मॅडमनी दोन्ही बाजूंचा विचार केला. कोंबडी काय, दुसरी आणता येईल. ड्रॅगन कुठून आणायचा? त्यांनी लिहिलं, "मान्य."

मावशींनी कपाळाला हात लावला. "तो कोण आहे ठाऊक आहे का? मी तीनदा हरलेय त्याच्याकडून."

मग तालीम सुरू झाली. मोठ्या कुकरसारखा ऑटोक्लेव्ह फुसफुसत होता आणि त्याच्या शेजारच्या ओट्यावर मॅडम घुबड उडवत होत्या. घुबड डावीकडे वळवायचं तर मॅडम स्वतःच डावीकडे कलत. दुसऱ्या फेरीत त्या स्टुलावरून पडता पडता वाचल्या.

"मॅडम, तुम्ही वळू नका. घुबडाला वळवा."

"वळवतेय की."

"घुबड सरळ चाललंय. वळताय तुम्ही एकट्या."

जेवणाच्या सुट्टीत आणि संध्याकाळी घरी मिळून मॅडमनी बावीस फेऱ्या मारल्या आणि बावीसही वेळा हरल्या, पण प्रत्येक फेरीची वेळ त्यांनी कागदावर टिपली. शुक्रवारी सकाळी तो तक्ता त्यांनी मावशींपुढे ठेवला. प्रत्येक फेरीत सगळ्यात शेवटी पवनचक्कीचं फाटक होतं. त्यात जो तो जोरात घुसे, पात्यावर आपटे आणि मागे फेकला जाई.

"आपटलं की नऊ सेकंद जातात," मॅडम म्हणाल्या. "पण पातं दर अकरा सेकंदांनी दोन सेकंद बाजूला होतं. थांबलं तर सरासरी पाचच सेकंद जातात."

"शर्यतीत थांबायचं?"

"हो."

मावशींनी तक्त्यावरून ओलं बोट फिरवलं. "तीन वर्षं आपटतेय मी त्या पात्यावर," त्या हळूच म्हणाल्या.

दीड वाजला. भंगारसम्राटाचं घुबड लाल, मॅडमचं फिकट राखाडी, भाड्याचं. पहिल्या फेरीत लाल घुबड दिसेनासं झालं. फाटकाशी मॅडम थांबल्या, मोजलं, निघाल्या. दुसऱ्या फेरीत लाल घुबडाची शेपटी दिसू लागली. मावशी ओल्या हातांनी पदर पिळत होत्या. तिसरी फेरी सुरू झाली आणि दार उघडून साहेब आत आले.

"मॅडम, ते दुधाच्या नमुन्यांचे अहवाल..."

"चाळीस सेकंद थांबा, सर."

मॅडमनी साहेबांना थांबवण्याची ही पहिलीच वेळ. साहेब इतके चकित झाले की खरंच थांबले. मग दोन पावलं पुढे आले. "हे काय आहे?"

"घुबड," मावशी म्हणाल्या. "सरका जरा, उजेड अडतोय."

साहेब सरकले. "तो लाल आपला?"

"राखाडी आपलं."

"मग हे मागे का आहे? मॅडम, डावीकडून घ्या. डावीकडे ढग विरळ आहेत." साहेब स्वतःही डावीकडे कलले होते. "घेतलं. शाब्बास. आलं, आलं जवळ... अहो, थांबलात काय? तो पुढे गेला."

फाटकासमोर राखाडी घुबड निवांत पंख हलवत होतं. लाल घुबड बाणासारखं आत घुसलं.

"नऊ," मॅडम पुटपुटल्या. "दहा."

खाडकन आवाज झाला. लाल घुबड पात्यावर आपटून गिरक्या घेत मागे आलं, मॅडमच्या घुबडाच्या डोक्यावरून गेलं, आणि त्याच क्षणी पातं बाजूला झालं. राखाडी घुबड फाटकातून असं गेलं जसा माणूस स्वतःच्या घरात शिरतो.

खोलीत फक्त ऑटोक्लेव्हची शिट्टी वाजली. साहेबांनी मावशींची प्लास्टिकची बादली कधी छातीशी धरली होती, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"जिंकलो का आपण?" त्यांनी विचारलं.

भंगारसम्राट मात्र दिलदार निघाला. त्याने लिहिलं, "तुम्ही फाटकाशी चक्क थांबलात. इथे कोणी थांबत नाही. घेऊन जा अंडं. तसंही कालपासून माझी बकरी जेवत नाहीये." हरलेल्या माणसाची बडबड म्हणून मॅडमनी शेवटच्या वाक्याकडे दुर्लक्ष केलं. अंडं कोठारात पोचलं. आता मक्याला जागा उरली नव्हती, म्हणून मॅडमनी तीनही डावे बूट भंगारसम्राटाला भेट देऊन टाकले.

शनिवारी संध्याकाळी टिकली आली. नाक उन्हाने सोललेलं, बुटांना चिखल. बूट काढायच्या आधी तिने हात पुढे केला. "टॅबलेट."

"आधी मला काही सांगायचंय," आई म्हणाली. आता ती पुन्हा आई झाली होती. "गुरुवारी मी तुझं अंडं टाकलं. पण परत मिळवलं. शर्यत लावून."

"कुठलं अंडं?"

"ड्रॅगनचं. कोठारातलं. हिरवं."

"आई, ते सडकं अंडं आहे. टोळीयुद्धात समोरच्यावर फेकायला मुरत ठेवलंय. जितकं जुनं तितका वास."

"मग ड्रॅगन?"

"तो कोंबडीखाली आहे. म्हणून तर म्हटलं ना, पोटभर घाल, एक वेळही चुकवू नकोस. नाहीतर ती उठून जाते." टिकली थबकली. "शर्यत लावली म्हणालीस. पणाला काय लावलंस?"

आईने खिडकीबाहेर बघितलं. "ते आता महत्त्वाचं नाही."

"आई."

"कोंबडी."

दारातून बाबांचं डोकं आत आलं. गेल्या सहा महिन्यांत त्यांचा चेहरा इतका उजळला नव्हता. "माझी निदान नैसर्गिक मृत्यूने गेली होती," ते म्हणाले आणि समाधानाने निघून गेले.

टिकलीने घाईघाईने बेट उघडलं. कोंबडी जागेवर होती, चांगली गुबगुबीत. माय-लेकी एका खुर्चीत दाटीवाटीने बसल्या. बेटाच्या कडेने टोळीतले सगळे जमले होते, पुढे झोपाळू अस्वल. कोंबडी उठली, अंग झाडलं, बाजूला झाली. तिच्याखालच्या पांढऱ्याशुभ्र अंड्याला तडा गेला आणि अंगठ्याएवढा निळा ड्रॅगन बाहेर येऊन शिंकला. आईने टिकलीचा हात इतका घट्ट धरला की तिला तो सोडवून घ्यावा लागला.

"अकरा दिवस जुळत नव्हते," आई स्वतःशीच म्हणाली. "तेव्हाच कळायला हवं होतं. पण सडकं होतं ना? मी पहिल्याच नजरेत ओळखलं होतं."

"हो गं, सडकंच होतं." टिकली नोंदी चाळत होती. तिचं बोट एका ओळीवर थांबलं. "तू भंगारसम्राटाला हरवलंस?"

"का? तो चांगला खेळतो का?"

टिकलीने खुर्चीत आईसाठी आणखी थोडी जागा केली. मग कोठार उघडलं, हिरव्या अंड्यावर बोट ठेवलं आणि त्याला चिठ्ठी लावायची जागा उघडली.

"अशी जागा आहे होय इथे?" आई म्हणाली. "मग आधीच लावायची ना. तारीख घाल."

टिकलीने तारीख घातली. खाली लिहिलं, 'सडकं अंडं. आईने जिंकलेलं. टाकू नये.'