न जळलेला इन्वर्टर

बेला गावात आमच्या गल्लीत पहिला इन्वर्टर आणला तो मी, उद्धवराव किराणावाला! बसवला त्याच दिवशी ओट्यावर उभा राहून जाहीर केलं, "आता करंट जाओ की राहो, या घरचा पंखा थांबणार नाही! कोणाले काई लागलं तं बेधडक या!"

बोलताना माणूस वाहवत जातो. ऐकणारे मात्र शब्द न शब्द लक्षात ठेवतात.

मे महिन्यात वादळ झालं, गावाबाहेरचे खांब आडवे पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बैठकीत बाजार भरला! एका बोर्डाला चौदा मोबाईल लोंबकळत होते, चिंचेला वटवाघळं लटकावी तसे. समोरच्या मथुराबाई तर मिक्सरच घेऊन आल्या.

"उद्धवभाऊ, फकस्त चटनी वाटतो!"

मिक्सर फिरला आणि इन्वर्टर असा किंचाळला की आमचं मांजर खिडकीतून पळालं!

शेजारचे धोंडीबाकाका तेवढे शांत. त्यांना दमा. बायको प्रयागकाकूंसोबत वाफ घ्यायचं मशीन घेऊन आले, दहा मिनिटं वाफ घेतली, हात जोडले. "दुपारी एक डाव येतो, बापा," म्हणाले आणि गेले.

बारा वाजता बॅटरीचे दोनच दिवे उरले. माझी दुपारची झोप डोळ्यांसमोर आली. आतल्या खोलीत गेलो, इन्वर्टरचं बटन हळूच बंद केलं आणि बाहेर येऊन कपाळावर हात मारला.

"गेला! जळला वाटते!"

बैठक रिकामी झाली. बायको, रेणुका, माझ्याकडे पाहत राहिली. "अवो, पन जळल्याचा वास तं नाही आला?"

"आतल्या आत जळला!"

सगळे गेले की बटन दाबायचं, असा माझा बेत. पण मथुराबाई जातील तर शपथ! त्या ओट्यावर बसून डोळ्याला पदर लावत होत्या. "माह्या मिक्सरनं खाल्लं तुमचं नवं मशीन!" मग मीठमिरची आणून त्यांनी इन्वर्टरची दृष्टही काढली. मी शेजारी उभा, घामानं निथळत, दुःखी चेहरा करून!

तीनच्या सुमाराला रेणुका धावत आली. "धोंडीबाकाकाले लय दम लागला होता. प्रयागकाकूनं ऑटोत टाकून आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं."

"मंग आपल्याकडे काऊन नाही आले?"

"कसे येतीन? तुमीच तं सांगतलं ना, जळला म्हनून!"

दहा मिनिटांची वाफ भिंतीपलीकडे होती आणि तो म्हातारा जीव मुठीत धरून एवढ्या लांब, खड्ड्याखड्ड्यांतून चालला होता. बटन दाबून झोपायची इच्छाच उरली नाही. ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहत राहिलो. मथुराबाईंनी पाणी आणून दिलं. त्यांना वाटलं, मला इन्वर्टरचं दुःख झालंय.

ऊन कलल्यावर ऑटो आला. आत काका दिसले, थकलेले, पण टेकून नीट बसलेले. माझा श्वास तेव्हा कुठे मोकळा झाला. आधी प्रयागकाकू उतरल्या. त्यांच्यामागून हातात पिशवी घेतलेला एक माणूस.

"बापा, तुय मशीन जळलं ना? येता येता मेकॅनिक घेऊन आली. सकाळी तुयाच करंटवर काकानं वाफ घेतली, येवढं तं करा लागते."

नवरा दवाखान्यात, आणि ही बाई माझा मेकॅनिक शोधत होती!

गल्ली गोळा झाली. मेकॅनिक आत गेला, वाकला आणि एका बोटानं बटन दाबलं. पंखा गरगर फिरला!

"साब, स्विच बंद था!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मांजरानं दाबलं, असं जिभेवर आलं होतं. पण समोर मथुराबाई उभ्या होत्या, डोळे सुजलेल्या.

"तुमच्या मिक्सरनं काई नाही झालं, मथुराबाई. मीच बंद केला होता. झोपाले पंखा पुरावा म्हनून."

प्रयागकाकूंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बोर्ड कोनता हाय? संध्याकाळची वाफ घ्याची हाय त्याईले."

तोवर काका काठी टेकत आत आले. बाहेर असल्यामुळे त्यांनी काहीच ऐकलं नव्हतं. मी त्यांना पंख्याखाली बसवलं, मशीन लावलं, मास्क हातानं धरून उभा राहिलो.

दोन मिनिटांनी त्यांनी मास्क बाजूला केला आणि काळजीनं विचारलं, "उद्धवा, पंखा तं चालू हाय, मंग तुले येवढा घाम काऊन सुटून राह्यला?"