बारकूतात्यांच्या चिंबोऱ्या

"विठू, तुजी चिंबोरी गेली रे."

सकाळची वेळ, गिरणीचं शटर अजून अर्ध्यावर, माझ्या तोंडात राखुंडी आणि दारात बारकूतात्या टोपी काढून उभे. माझी बायको आतून धावत आली. कोणाचं काय झालं म्हणून तिने छातीला हात लावला होता. "कोन गेली?" तिने विचारलं. तात्यांनी तिलाही तेच सांगितलं, तितक्याच पडल्या आवाजात, आणि शेजारच्या दाराकडे वळले. तिथेही बहुतेक चिंबोरीच गेली असावी. कारण थोड्या वेळाने तिथून शिव्या ऐकू आल्या.

चिंबोरी म्हणजे खेकडा. आमच्याकडे ती ओहळात सापडते, रश्शात शोभते आणि तिच्या मरणाचं सुतक कोणी पाळत नाही. तात्या पाळायचे. हा माणूस माझा सख्खा शेजारी होता. मधल्या कुडाच्या पलीकडे त्यांची पडवी, आणि पडवीत ओळीने मांडलेली मडकी. प्रत्येक मडक्यात तळाशी गाळ, वर बोटभर पाणी आणि आत एक चिंबोरी. मडक्यावर कोळशाने खूण. ज्याच्या वाट्याचा गाळ, त्याची चिंबोरी.

वाट्याचं सांगायला हवं. आमचं गाव मुरबाडहून धसईला जाताना आत वळलं की लागतं. गावाला एक तळं आहे आणि त्या तळ्याच्या तळाचे घराघरांत वाटे पडलेले आहेत. कोणी पाडले ते माहीत नाही, पण उन्हाळ्यात पाणी मधे आटलं की काठाचे दगड बघून ज्याने त्याने आपापल्या वाट्यातला गाळ काढायचा आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले की शेतात पसरायचा, ही रीत. भावाभावांत घरं फुटली, पण गाळाच्या वाट्यावरून कधी भांडण झालं नाही. गाळ म्हणजे सोनं, असं आमचे म्हातारे म्हणत.

मग नव्वदीच्या सुमाराला वरच्या अंगाला रंगाचा एक छोटा कारखाना आला. त्याचा नाला तळ्यात. नाला कधी निळा, कधी तांबडा. आम्ही गाढवासारखे काठावर उभे राहून आज कुठला रंग ते बघायचो. काही वर्षांनी कारखाना बंद पडला, मालक कुठे गेला कोणास ठाऊक, पत्रे चोरांनी नेले. नाल्याचं पाणी पुन्हा पाण्यासारखं झालं. सगळे म्हणाले, सुटलो. तात्या एकटेच म्हणाले, "रंग गेला कुटं? खाली बसलाय तो."

तेव्हापासून मडकी.

तात्यांचं एक पालुपद होतं. "आधी जित्याला इचारावं." डोंगराकडच्या स्वच्छ ओहळातून चिंबोऱ्या आणायच्या आणि त्यांना गाळ विचारायचा. पण हा नियम नुसता गाळापुरता नव्हता. लग्नात पंगतीला बसले की पहिला घास मांजराला. गावात नवी एस.टी. सुरू झाली तेव्हा पहिल्या फेरीला गेलेली माणसं परत येताना त्यांनी पारावर बसून मोजली, आणि मग दुसऱ्या फेरीला बसले. मी गिरणीत नवीन चक्की बसवली तर आठवडाभर दळण आणलं नाही. मी आमच्याच पिठाची भाकरी त्यांच्यासमोर बसून खाल्ली, दुसऱ्या दिवशी जिवंत दिसलो, तेव्हा डबा आला. असा शेजारी असला की माणसाला आपण पडवीतल्या मडक्यात बसलोय असं वाटायला लागतं.

त्यांची दुसरी तऱ्हा याहून अवघड होती. गावाबाहेर टेपावर, म्हणजे टेकाडावर, त्यांचं वरकस होतं, नाचणी-वरीची उंचावरची जमीन. तिथे त्यांनी मुलासाठी घराचं जोतं बांधून ठेवलं होतं. चारी बाजूंनी काळ्या दगडाच्या कमरेएवढ्या भिंती, आत अर्धीच मुरमाची भर, आणि त्या भरीवर दगड मांडून खोल्यांच्या रेघा मारलेल्या. रेघा तात्यांच्या बायकोने मारून घेतल्या होत्या. ती पुढच्याच वर्षी गेली. मुलगा सुरेश वाशिंदला कामाला लागला, तिथेच त्याने ब्लॉक घेतला, आणि जोतं राहिलं ते राहिलंच. उरलेली भर कधी घालायची ते सुरेश सांगणार होता.

तात्या त्या जोत्यात रोज झाडू मारायचे. आत उतरायचं तर चपला बाहेर. एकदा मी गाईच्या मागे फिरून दमलो आणि आत जाऊन जरा टेकलो, तर लांबून ओरडत आले.

"उठ, उठ! चुलीवर बसलास रे तू!"

मी उठलो आणि दोन पावलं सरकून बसलो.

"तितं देवघर हाय."

"मग बसू कुठं तात्या?"

"पडवीत बस ना. पाहुना पडवीत बसतो." आणि त्यांनी मला दगडाच्या एका रेघेबाहेर नेऊन बसवलं. वर आभाळ, खाली मुरूम, आणि मी मुकाट्याने पडवीत बसलेला. गावात मी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि लोक पोट धरधरून हसले. हसण्यासारखीच होती.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो. तळं गाळाने इतकं भरलं होतं की होळीनंतर मधे नुसती डबकी राहायची. बायका हंडे घेऊन शेजारच्या गावी जायच्या आणि तिथल्या बायकांचे टोमणे ऐकून यायच्या. अशात गाळ काढायला सरकारी मंजुरी आली. सरपंचाने जेसीबी ठरवला. गाळ ज्याच्या त्याच्या शेतात फुकट पोचणार. सगळं गाव खूश. आडवे आले ते तात्या.

"बसल्या गाळाला उठवू नका. आधी इचारू द्या."

हसत हसत का होईना, गाव थांबलं. कारण म्हाताऱ्याचा शब्द मोडायचा नाही, एवढी लाज तेव्हा शिल्लक होती. तात्यांनी वाट्यावाट्यातून गाळ आणला, मडकी भरली, आणि मग सुरू झाली ती सकाळची मयतांची खबर. माझी गेली, शेजारच्याची गेली. आमचे दोघांचे वाटे नाल्याच्या तोंडाशी. पण नाल्याच्या अगदी समोरचा वाटा सरपंचाचा, आणि सरपंचाची चिंबोरी काही केल्या मरेना. रोज बघावं तर टवटवीत. नांगे वर करून उभी.

सरपंच मिशीत हसला. "तात्या, आता तुमची जिती काय म्हंते?"

तात्यांनी दोन दिवस विचार केला. मग चावडीवर येऊन म्हणाले, "सगळ्यात वंगाळ जागा ती. तितली जगली म्हंजे गाळात काय नाय. बाकीच्या उन्हाच्या मेल्या असतील. काढा."

एवढा खरा माणूस. आपलं म्हणणं खोटं पडलं, तर तेही स्वतः चालत येऊन सांगितलं.

जेसीबी नाल्याच्या तोंडाशीच आधी लागला. पहिल्या दिवशी काळा, मऊ, तेलकट गाळ निघाला आणि काठावर त्याचा भलामोठा ढीग झाला. त्याला एक वास होता, जुन्या रंगाच्या डब्यासारखा. उरलेलं पाणी ढवळून निघालं आणि दुसऱ्या सकाळी डबक्यांत मासे उलटे तरंगत होते. काम तिथेच थांबलं.

त्याच दिवशी तात्यांना सरपंचाची चिंबोरी न्हाणीत सापडली. मडक्याला पाण्याच्या जरा वर चीर होती. चांगली चिंबोरी अंग चोरून जाईल एवढी. बाई रोज अंधार पडला की बाहेर पडत होती, न्हाणीच्या ओलीत खाऊनपिऊन राहत होती आणि उजाडायला मडक्याच्या आडोशाला परत येत होती. तात्यांना पहाटे ती मडक्याबाहेर दिसायची, तेव्हा त्यांना वाटायचं की उडी मारून आताच निघाली. ते तिला उचलून परत आत ठेवायचे. गाळात ती बसली असेल ती दिवसभर, तेवढीच.

मला हे कळलं तेव्हा मी हसलो. पुढे मात्र हसू आलं नाही, कारण तात्या पडवीत मडक्यांच्या पुढे भिंतीला टेकून बसले होते आणि म्हणत होते, "माज्या सबुदावर काडलं रे त्यांनी. माज्या सबुदावर."

मग ठाण्याच्या सरकारी ऑफिसातून गाळ तपासायला एक मॅडम आल्या. पायात गमबूट, हातात बाटल्या. तळ्याच्या चार बाजूंचा गाळ त्यांनी नेला आणि काही दिवसांनी निकाल घेऊन परत आल्या. चावडीवर त्यांनी जे सांगितलं ते सगळ्यांना कळेल असंच सांगितलं. तळ्याच्या बाकीच्या भागातला गाळ ठीक आहे, तो शेतात घाला. नाल्याच्या तोंडचा वाईट. तो खाली बसलेला असतो तोवर त्यातलं विष बरंचसं त्यातच अडकून राहतं. ढवळला की पाण्यात उतरतं. वर काढून वाळवला तर धुळीबरोबर उडतं, पावसात भिजला तर विहिरीत झिरपतं, आणि भातात घातला तर भात ते उचलतं.

"म्हणजे तो काढायला नको होता?" मी विचारलं.

"असा नको होता. आधी जागा ठरवून, पाणी अडवून, मग काढायचा. पण आता ढीग बाहेर आहे. पाऊस पडला की तो सगळ्या तळ्यात पसरेल. त्याआधी हलवा."

कुठे हलवायचा? तर उंचावर, विहिरींपासून लांब, चारी बाजूंनी भिंत असलेल्या जागी. खाली चिकणमाती, त्यावर जाड प्लास्टिक, वर पुन्हा प्लास्टिक आणि माती. आणि कायमचा. "तिथं परत कधी खणायचं नाही, पेरायचं नाही, घर बांधायचं नाही," मॅडम म्हणाल्या.

गाळाच्या वाट्यासाठी दरवर्षी पहाटे उठणारं आमचं गाव, पण त्या ढिगातला वाटा कोणाला नको होता. सरपंच स्वतःच्या वरकसाच्या उताराबद्दल काहीतरी पुटपुटला. मीही खाली बघत राहिलो. माझं माळरान तसं उंचावर आहे. तात्या मधूनच उठले आणि निघून गेले. कोणीतरी म्हणालं, "पळाला म्हातारा."

ते माझ्या गिरणीत गेले होते. तिथे तेव्हा नाणी टाकायचा फोन होता. मी मागोमाग पोचलो तर त्यांनी नंबर लावून मागितला. मी लावून दिला आणि चक्कीपाशी उभा राहिलो. गिरणी बंद होती, त्यामुळे सगळं ऐकू आलं.

"सुरेश, मी बा बोलताव... बरा हाय. नाय, पैसे नको. जोत्याचं इचारायचं होतं. घर बांदशील ना रे तितं?... हां... हां... पोरांची शाळा. हां, सूनबाईला नाय जमाचं... बरं. बरं. जेवलास का?"

फोन मधेच तुटला. त्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी जागेवर ठेवला.

"इतकी वरसं इचारलंच नव्हतं," ते म्हणाले. "आज इचारलं."

ते परत चावडीवर गेले आणि उभ्या उभ्याच मॅडमना म्हणाले, "टेपावर माजं जोतं हाय. भिंती पक्क्या हायत, भर अर्धीच हाय. तितं बसंल का तुमचा गाळ?"

मॅडमनी जाऊन बघितलं. बसत होता.

ट्रॅक्टर दिवसभर ये-जा करत होता. जोत्यात चिकणमाती चोपून झाली, तिच्यावर काळं प्लास्टिक अंथरलं. खोल्यांच्या रेघांचे दगड तात्यांनी आदल्या दिवशीच उचलून भिंतीबाहेर रचून ठेवले होते. पण त्यांना रेघांची गरज नव्हती. भर उन्हात ते अनवाणी उभे राहून ट्रॉलीवाल्याला हात करत होते. "हिकडं टाक. ही पडवी. आता न्हानीत टाक. थांब, थांब. तितं नको, तितं देवघर हाय. ते शेवटाला."

ट्रॉलीवाला वाशिंदकडचा, त्याला काही कळेना. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणतात तसं कर." शेवटची ट्रॉली देवघरात पडली. वर प्लास्टिक आलं, माती आली, आणि संध्याकाळपर्यंत तिथे एक सपाट ओटा उरला.

तळ्यातला बाकीचा चांगला गाळ काढून शेतात घातला. नाल्याच्या तोंडचा राहिलेला गाळ आम्ही तसाच खाली राहू दिला, तो ढवळू नये म्हणून नाल्याला वरती बांध घालून. पुढच्या उन्हाळ्यात तळ्यात पाणी बऱ्यापैकी टिकलं. बायकांचे हेलपाटे कमी झाले. तात्यांचं नाव कोणी काढलं नाही. गावाची तशी रीतच आहे. तात्यांनी मडकी फोडून टाकली आणि सरपंचाची ती चिंबोरी, जी शेवटपर्यंत मेली नाही, ती डोंगराच्या ओहळात नेऊन सोडली. दिवसभर मात्र ते टेपावर असायचे. वर गवत उगवलं होतं, ते कोणाच्या शेळीने खाऊ नये म्हणून काठी घेऊन बसायचे. जोत्यावर नाही, बाहेर, खोल्यांच्या त्या दगडांच्या ढिगावर.

एकदा आमची गाय तिकडे वळून जोत्यावर चढली म्हणून मी तिला हाकलायला गेलो. जोत्याच्या कडेला आलो आणि इतक्या वर्षांच्या सवयीने चपला काढल्या.

तात्या बघत होते. म्हणाले, "घाल रे चपला. आता कोन राहाणार हाय तितं?"

मी चपला हातात घेतल्या आणि तसाच अनवाणी वर चढून गाय खाली आणली.