पास्कू अंकलचा निळा उजेड

काच बसवण्यात अख्ख्या साकीनाक्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. कोणी धरला असता तर बऱ्याच काचा वाचल्या असत्या.

आमच्या गाळ्यामागे गावठाणातलं जुनं चर्च. त्याच्या रंगीत खिडक्या पास्कू अंकल सांभाळायचा. रोज सकाळी एकेका खिडकीवर बोटाने टकटक करायचा, कान लावायचा आणि विचारायचा, "काय रं, बरा हाय ना?" काच खडखडली की समजायचं, तुकडे धरून ठेवणारी शिशाची पट्टी सैल झाली. मग मला बोलावणं.

एकदा मी म्हटलं, "अंकल, आता कलर टीव्ही आलाय. घ्या एक, करमेल."

"माझा कलर टीव्ही ह्योच. आज्ज्याच्या टायमापासून चालू हाय. अँटेना फिरवाया लागत नाय."

मग मेरीमायची खिडकी खडखडली. एका बाजूला निळ्या शालीतली मेरीमाय, दुसऱ्या बाजूला लाल झग्यातला देवदूत. मी अख्खी काच उतरवली, पट्ट्या आवळल्या, परत बसवली. एकदम झकास! आता आम्हाला सवय दुकानाच्या काचांची. चित्राचं तोंड रस्त्याकडे. तशीच बसवली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अंकल गाळ्यावर हजर. "मुकुंदा, देवदूत डावरा केलास!"

"मग काय झालं? त्याला काय कॅरम खेळायचाय?"

अंकल हसला नाही. मनगट धरून मला चर्चमध्ये नेलं आणि एका रिकाम्या बाकाकडे बोट दाखवलं. आतून चित्र उलटं झालं होतं; मेरीमायच्या जागी देवदूत आला होता आणि बाकावर त्याचा लाल उजेड पडला होता.

"फिलूची जागा," तो म्हणाला. फिलू म्हणजे त्याची बायको, दोन वर्षांपूर्वी वारलेली. "सकाळच्या मिसाच्या प्रार्थनेला निळा उजेड तिच्या मांडीवर पडायचा. ती गेली, तरी उजेड रोज येयाचा. आज बघ, भलतीकडं गेला."

  त्याच दिवशी काच उतरवली, उलटवली आणि श्वास रोखून परत बसवली. एक तुकडाही फुटला नाही, देवाशपथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम बघायला गेलो. अंकल पलीकडच्या बाकावर बसला होता. मी फिलूच्या बाकासमोर छाती काढून उभा राहिलो. माझा सदरा निळाशार झाला होता.

"बघा अंकल! कसं झालं काम?"

अंकलने मान वाकडी करून माझ्या मागे बघायचा प्रयत्न केला.

"सरक रं गाढवा, सगला उजेड तूच खातंस."