केदारीची परात

भाज्यातल्या एका बाईच्या अंगणातून काही माणसं उपाशी परत गेली, ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा. सगळे समजतात, केदारीमुळे. म्हणून आधी केदारी सांगतो.

केदारी कुरवंड्याचा. कुसगावात आमचं हॉटेलं-बंगल्यांच्या वेबसाइट करणारं छोटं ऑफिस आहे, तिथे तो माझ्या हाताखाली काम करतो. त्याच्या टेबलावर एक परात असते, लग्नात भात काढतात तसली, आणि परातीत जुने फोन. काच तडकलेले, रबर लावून धरलेले, लोकांनी टाकून दिलेले. नवं पान तयार झालं की ते या सगळ्या फोनांवर, त्यांतल्या प्रत्येक ब्राउझरमध्ये उघडायचं. एकाने जरी तोंड वाकडं केलं तरी काम पुढे सरकायचं नाही.

"अरे, असला फोन आता वापरतं कोण?" मी वैतागायचो.

"सर, पंगतीत शेवटच्या पानावर बसलेला बी पाव्हणाच आसतो."

गावच्या लग्नांत हा हौशी वाढपी. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट पंगतीसारखी दिसते.

परात पुरली नाही की लोकांचे फोन. टपरीवर चहा पिणाऱ्या अनोळखी माणसाला म्हणणार, "भाऊ, फोन द्या की जरा, पान बघायचंय." चोर म्हणून मार खाता खाता वाचलाय. एकदा पॉइंटवर एका जोडप्याने फोटो काढायला त्याच्या हातात फोन दिला. याने आमचंच पान उघडलं, वर-खाली केलं, "हितं बटण घसरतंय बगा," असं त्या मुलीला सांगितलं आणि फोन परत केला. फोटो राहिलाच.

भाज्यात सुट्टीच्या पाहुण्यांना घरचं जेवण देणाऱ्या बायकांसाठी आम्ही एक साइट केली. त्यांत केदारीची सख्खी मावशी होती. आई लहानपणी गेली, तेव्हापासून तिनेच याला वाढवलं. लग्न केलं नाही त्याने. रविवारचं जेवण तिच्याकडे. तिला अक्षरओळख बेताची, म्हणून यानेच युक्ती काढली होती. तिच्या फोनवर, जेवढी मागणी तेवढी रुंद हिरवी पट्टी. "मावशे, पट्टी न्हाई तर पाव्हणं न्हाई," असं तिला पढवून ठेवलं होतं.

एका शनिवारी केदारी लग्नात वाढायला गेला होता. साइटच्या चालकांचा फोन आला, मागणी वाढली की पट्टीचा रंगही बदलायला हवा, आजच. मी स्वतः बसलो. पट्टीची रुंदी आणि रंग सरळ पानाच्या कोडमध्येच, टॅगच्या स्टाइलमध्ये लिहिले, आकड्याच्या जागी नुसते महिरपी कंस. आकडा मागाहून फ्रेमवर्क, म्हणजे पान चालवणारं तयार सॉफ्टवेअर, भरणार. माझ्या नव्या फोनवर झकास दिसलं. परात समोरच होती. मी हात लावला नाही.

काही जुने ब्राउझर असली अर्धवट स्टाइल बघताक्षणी टाकून देतात. मग आकडा येतो, पण त्याला बसायला जागाच नसते. म्हणून ती स्टाइल पूर्णपणे फ्रेमवर्ककडे सोपवायची असते. केदारी नेहमी बजावायचा, "पाव्हणा यायच्या आत पान उचललं, तर त्यो जेवणार कुटं?"

मावशीचा फोन परातीतल्या फोनांसारखाच जुना. तिला पट्टी दिसली नाही. रविवारी लेणी बघून उतरलेली मंडळी दारात आली, तेव्हा चूल थंड. ती गयावया करत होती आणि ते तिला नाही नाही ते बोलत होते. वर फोनवर तिचं चित्रण करून सगळीकडे पाठवलं. जिच्या दारातून कधी कुणी उपाशी गेलं नव्हतं, तिचं.

सोमवारी चालक आले. "कुणी केलं हे?"

"पट्टीचं काम केदारीचं," मी म्हणालो. अगदीच खोटं नव्हतं, असं मी स्वतःला अजून सांगतो. केदारी माझ्याकडे बघत राहिला. मग खाली मान घालून ती ओळ दुरुस्त करायला लागला.

पुढे एका रविवारी काही कामाने ऑफिस उघडलं, तर हा जिन्यात एकटाच वडापाव खात बसलेला.

"भाज्याला गेला नाहीस?"

"मावशी दार लावून घेती, सर. म्हनली, तुज्या पट्टीनं माजी अब्रू घालवली."

"मग... सांगायचं ना तिला."

"काय सांगू?" तो हसला. "आमटीची चव घेतली की कुणाचा हात लागलाय ते कळतं, सर. ती ओळ तुमची व्हती. मला त्याच दिशी कळलं. पर तुमाला बायकापोरं हायेत, नोकरी गेली आस्ती. माजी काय, मावशीच हाय. आज न्हाई उद्या इसरंल."

मला त्याच्याकडे बघवेना. मी वर जाऊन काम उरकलं आणि मागच्या दाराने घरी गेलो.

ती विसरलेली नाही. भाजे इथून फार लांब नाही, तरी मी अजून गेलेलो नाही. तिच्या दारात उभं राहून चूक माझी होती एवढं सांगायचं आहे. केदारीला मी त्याची मावशी देणं लागतो.