तीन वाक्यांत मागणी

स्पॅनिश शिकवण्यात माझा हात धरेल असा मास्तर अख्ख्या आंतिग्वात नाही! असं लोक म्हणतात. म्हणजे म्हणतो मीच, पण खोटं नाही. ज्वालामुखींच्या पायथ्याशी वसलेल्या आमच्या या गावात दर दोन घरांमागे स्पॅनिशची एक शाळा. जिकडे बघाल तिकडे टेबलाच्या एका बाजूला मास्तर, दुसऱ्या बाजूला परदेशी आणि मध्ये क्रियापदांचा तक्ता. महिनाभराने तो परदेशी तक्ता घडाघडा म्हणतो आणि दुकानात जाऊन पाव बोटाने दाखवतो!

माझी पद्धत न्यारी. पुस्तक मिटा, चपला घाला, बाजारात चला! नवशिक्याला तीन वाक्यं पुष्कळ झाली. काही दिसलं की 'किती छान!' कुणी काही बोललं की 'बरोबर आहे तुमचं!' कुणी काही विचारलं की 'हो, आनंदाने!' एवढ्यावर समोरचा खुलतो, बोलत सुटतो आणि भाषा आपोआप कानात शिरते. मी स्वतः 'बरोबर आहे तुझं' या एकाच वाक्यावर संसार रेटलाय.

तर तैस्तो. फिनलंडचा निवृत्त सुतार, दाराच्या चौकटीएवढा उंच आणि चौकटीएवढाच बोलका. त्याचा मुलगा एरो इथे ज्वालामुखीचा अभ्यास करायला आला आणि निनेत नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. आमच्याकडे मागणी मुलाच्या बापाने स्वतःच्या तोंडाने घालावी लागते. मुलाने ब्र काढायचा नाही आणि बरोबर आलेल्यांनी तर नाहीच नाही.

"मास्तर, निनेतचे वडील फार जुन्या वळणाचे आहेत," एरो काकुळतीला येऊन म्हणाला. "बाबांना बोलता आलं नाही तर माझं लग्न मोडलंच म्हणून समजा!"

"अरे, माझ्याकडे सोपव आणि बँडवाला ठरव!" मी म्हणालो.

तैस्तो आमच्याच घरी राहायला आला. प्रगती जोरात होती. एक दिवस बाजारातून परतला तर डोक्यावर आमच्या शेजाऱ्याची नवी कोरी हॅट!

"ही कुठून आणलीत?" माझी बायको चायोने विचारलं.

"मी म्हणालो, किती छान. तो म्हणाला, तुमचीच आहे. मी म्हणालो, हो, आनंदाने," तैस्तो अभिमानाने म्हणाला.

आता आमच्याकडे कुणी वस्तूची तारीफ केली की 'तुमचीच आहे' म्हणायचं असतं आणि ऐकणाऱ्याने 'छे छे' म्हणायचं असतं. शेंबडं पोरही हे जाणतं. पण फिनलंडात म्हणे माणूस मनात असेल तेच बोलतो. फार गैरसोयीचा देश असावा. तेवढ्यात शेजारी उघड्या डोक्याने दारात आला, "नाही हो, सहज आलो," म्हणाला, हॅटकडे बघत राहिला आणि तसाच परत गेला.

"अहो, त्यांना आधी नाही म्हणायला शिकवा!" चायो म्हणाली.

"ते पुढच्या धड्यात!" मी म्हणालो. अहो, नवशिक्याला पहिल्याच आठवड्यात नकार शिकवला तर त्याच्याशी बोलेल कोण?

रविवारी आम्ही गोड पावांची टोपली आणि उकळून प्यायच्या चॉकलेटच्या वड्या घेऊन निनेतच्या घरी पोचलो. तिचे वडील एर्मेलिंदो सूट घालून दारात उभे. आत टेबलाभोवती बसलो, तर समोरच्या भिंतीवर शिसवी लाकडाचं जुनं घड्याळ होतं. तैस्तो पडला सुतार. त्याचे डोळे लकाकले.

"किती छान!"

"तुमचंच आहे!" एर्मेलिंदो म्हणाले.

"हो, आनंदाने!"

आणि तैस्तोने घड्याळ भिंतीवरून काढून मांडीवर घेतलं! ते एर्मेलिंदोंच्या आजोबांचं होतं, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं. मी टेबलाखालून तैस्तोला लाथ मारली. ती एरोला लागली.

एर्मेलिंदो खानदानी माणूस. घड्याळावरून नजर काढून रिवाजाप्रमाणे बोलू लागले, "आमची मुलगी काही विशेष नाही हो. साधा घेवडा शिजवायला ठेवला तरी करपवते."

इथे पाहुण्याने 'असं कसं, अन्नपूर्णा आहे!' म्हणायचं असतं.

"बरोबर आहे तुमचं!" तैस्तो म्हणाला.

निनेतने झटकन वर पाहिलं.

"जरा... हट्टीही आहे."

"बरोबर आहे तुमचं!"

"आणि आमचं घराणंही तुमच्या तोलाचं नाही," एर्मेलिंदो दात ओठ खात म्हणाले.

"बरोबर आहे तुमचं!!"

"मग आलात कशाला?" एर्मेलिंदो ताडकन उठले. "निघता का आता?"

"हो, आनंदाने!" तैस्तो हसतमुखाने उठला आणि घड्याळ काखोटीला मारून दाराकडे निघाला!

निनेतला रडू फुटलं. एरो डोकं धरून बसला. मी तैस्तोच्या कानात पुढचं वाक्य सांगायला धावलो, पण सांगणार काय? माझ्या पद्धतीत चौथं वाक्यच नव्हतं!

रडण्याचा आवाज ऐकून तैस्तो थबकला. त्याने मुलाकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मग घड्याळ अलगद भिंतीवर टांगलं, काटे नीट केले आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "मास्तर, गप्प. मी बोलणार."

कपाळावर घाम, एकेक शब्द विहिरीतून पोहरा ओढावा तसा येत होता.

"घेवडा करपतो. मी खातो. बायको गेली. मी रोज करपवतो, रोज खातो. मुलगी हट्टी. फार चांगलं. माझा मुलगा आगीच्या डोंगरावर जातो. त्याला कुणीतरी म्हणायला पाहिजे, जाऊ नको. मी म्हणतो, तो ऐकत नाही." तो थांबला. "तुमचं घर... मोठं. इथे माणसं. माझ्याकडे टेबल मोठं, मी केलं. ताट एक. मुलगी द्या. मी तिला विचारणार, आज काय खाणार? रोज विचारणार."

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. यातलं एकही वाक्य मी शिकवलेलं नव्हतं. तो बाजारात जाऊन, म्हाताऱ्या बायकांशेजारी बसून स्वतःच शिकला होता!

एर्मेलिंदोंनी नाक शिंकरलं, तैस्तोला मिठी मारली आणि म्हणाले, "मुलगी दिली! आणि ते घड्याळही न्या!"

आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला.

"नाही," तैस्तो म्हणाला. "तुमचं."

मग काय! गोड पाव वाटले, चॉकलेट उकळलं, निनेत हसली, एरो तर नाचायलाच लागला. एर्मेलिंदो माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेऊन गेले.

"मास्तर, आता आम्हालाही व्याह्यांच्या गावी जावं लागणार. त्यांची भाषा शिकायची म्हणतोय. तुम्ही इतकी वर्षं या धंद्यात आहात..."

मी छाती पुढे काढली, शर्टाची कॉलर नीट केली.

"...तर तुमच्या ओळखीत एखादा चांगला मास्तर आहे का?"