अनुनय निर्देशांक

प्रेम ही गंभीर बाब असल्यामुळे ती मोजण्याची पद्धत सोपी असावी लागते. नाहीतर अनुदान मिळत नाही. व्हिएन्नातल्या एका संशोधन संस्थेने ही अडचण फळमाशीच्या, म्हणजे केळ्यांवर घोंघावणाऱ्या चिलटाच्या, मदतीने सोडवली आहे. नर आणि मादी काचेच्या डबीत सोडायचे आणि दहा मिनिटे बघत बसायचे. त्यातला जितका हिस्सा नर मादीच्या मागे असतो, तो त्याचा अनुनय निर्देशांक.

नराला हे कोणी शिकवत नाही. एक जनुक आहे. नरात त्याची एक प्रत निघते, मादीत दुसरी. नराच्या प्रतीमुळे मेंदूतल्या मज्जातंतूंची जोडणीच अशी होते, की जन्मापासून एकटा ठेवलेला नरही मादी दिसताच सगळ्या पायऱ्या बिनचूक पार पाडतो: तिच्याकडे तोंड करणे, पायाने हळूच स्पर्श करणे, एक पंख पसरून गाणे, वगैरे. (वगैरेचा तक्ता वेगळा आहे.) जनुक बिघडवले, तर निर्देशांक शून्य. नराची प्रत मादीत घातली, तर मादीच पंख पसरते.

याच संस्थेतले निरीक्षक लिओपोल्ड नावरातिल यांनी सव्वीस वर्षांत अशा एक्केचाळीस हजार जोड्या मोजल्या. एवढ्या अनुभवाचा माणूस अविवाहित कसा, असे कोणी विचारू नये. हलवाईही पेढे खात नाही. तरुणपणी एका नृत्यसमारंभात एका मुलीने त्यांना नकार दिला होता. नकार मिळालेले चिलट पुढे काही तास राजी मादीकडेही फिरकत नाही. नावरातिलांच्या बाबतीत हा परिणाम चौतीस वर्षे टिकला. (नमुना एकच असल्याने निष्कर्ष काढलेला नाही.)

चिलटांच्या स्वयंपाकघरात हासलिंगरबाई होत्या. मक्याचे पीठ, यीस्ट आणि काकवी पातेल्यात शिजवून नळ्यांत ओतणे हे त्यांचे काम. नळ्यांचा ट्रे आणायला नावरातिल दर मंगळवारी स्वतः जात. हे शिपायाचे काम असल्याने त्याने दोनदा तक्रार केली. नावरातिलांनी ती दोनदा दप्तरी दाखल करून घेतली. आता बाई निवृत्त होऊन शुक्रवारी ग्राट्सला बहिणीकडे कायमच्या निघाल्या होत्या.

शुक्रवारी नावरातिल इस्त्रीचा शर्ट घालून गेले. गाडीआधी कॉफीला याल का, एवढेच विचारायचे होते. पहिली पायरी, तोंड करणे, नीट पार पडली. दुसरीत स्पर्श ट्रेला झाला. तिसरीला, म्हणजे गाण्याला, ते म्हणाले, "आज लापशी जरा घट्ट झालीय."

"बावीस वर्षं हेच ऐकतेय, नावरातिलसाहेब," बाई पातेले घासत म्हणाल्या. "एका मंगळवारी घट्ट, दुसऱ्या मंगळवारी पातळ. तुमची चिलटं बरी, दहा मिनिटांत मुद्द्यावर येतात."

"त्यांना जनुक असतं."

"असू दे. मग मीच विचारते. गाडी साडेचारला आहे. स्टेशनवर कॉफी घ्याल माझ्याबरोबर?"

नावरातिलांनी मान हलवली. (कोणत्या दिशेने, यावर मतभेद आहेत.) मग टेबलाशी परतून त्यांनी सवयीने नोंद केली: 'नराचा निर्देशांक ०.०१. मादीचा पुढाकार.' असा अपवादात्मक निकाल दुसऱ्या निरीक्षकाच्या सहीशिवाय ग्राह्य धरता येत नाही, आणि जे ग्राह्यच नाही त्याच्या भरवशावर स्टेशन गाठणे शहाणपणाचे नव्हे. शुक्रवार असल्यामुळे दुसरे निरीक्षक जेवून पावणेपाचला आले. त्यांनी नोंद दोनदा वाचली, अचूक असल्याचे सांगितले आणि सही केली.

हा मजकूर वाचायला साधारण चार मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात समोर बसलेल्या माणसाकडे आपण कितीदा पाहिले, हे वाचकाने मोजावे. उत्तर शून्य आले तरी काळजी नसावी. चिलटांत त्याला जनुकातला बिघाड म्हणतात. आपल्यात वाचनाची आवड.